कोळसुंद्यांची डाक्तरीण

महाडच्या बाजारात माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. अशा दुकानात हसतमुख गिऱ्हाईक सहसा येत नाही. कुणाच्या म्हशीने दूध आटवलेलं असतं, कुणाच्या कोंबड्या माना टाकत असतात, आणि या सगळ्याला मीच जबाबदार असल्यासारखे लोक काउंटरवर हात आपटतात. डॉ. कुंदा रेडीज पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनीही हात आपटला होता. फक्त त्यांचा राग माझ्यावर नव्हता, शेजारी उभ्या असलेल्या एका दूधवाल्यावर होता.

तो गृहस्थ फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत होता आणि बोलता बोलता कुणा बाईला 'कुत्री' म्हणाला. बाई गर्रकन वळल्या. सुती साडी, तिच्यावर पूर्ण बाह्यांचा पुरुषी खाकी शर्ट, पायात चिखलाने रंग उडालेले कॅनव्हासचे बूट. "अहो, आधी तो फोन ठेवा," त्या म्हणाल्या. दूधवाल्याने ठेवलाही. "कुत्री कधी जवळून बघितलीय का? पिल्लं झाली की जागची हलत नाही. पाऊस येवो, कुणी काठी घेऊन येवो. तिच्याइतकं नीट वागणं तुम्हाला-मला जमणार नाही. मग ही शिवी कशी झाली?"

दूधवाल्याने काय समजायचं ते समजून घेतलं आणि जंताचं औषध न घेताच काढता पाय घेतला. "बाई, माझं गिऱ्हाईक गेलं," मी म्हणालो. "येईल हो," त्या म्हणाल्या. "त्याच्या वासरांच्या पोटात जंत आहेत, जाईल कुठे?" दुसऱ्या दिवशी तो आला. पोलादपूर तालुक्यात सरकारी पशुवैद्यक म्हणून बाई नुकत्याच बदलून आल्या होत्या, हे मला त्याच्याकडून कळलं. त्याच्या बोलण्यात बाईंबद्दल चार उणे शब्द होते आणि शेवटी, "पन सुई मारली तर जनावर हलत नाय बगा," हेही होतं.

पुढे सरकारी औषध संपलं की बाई दुकानात यायच्या आणि मला नावाने कधीच हाक मारायच्या नाहीत. "दुकानदार, कॅल्शियम आहे?" आत येऊन पोत्यावर बसायच्या. चहा घ्यायच्या तो स्वतःच्या पिशवीतल्या स्टीलच्या पेल्यातून, कारण टपरीवरचा कप कुठून आला आणि कुठे बुडवला गेला हे त्यांनी बघितलेलं असायचं. घाई करणाऱ्याला त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं : "घाई असेल तर माणसांच्या डॉक्टरकडे जा." गावात कुणी विचारलंच की बाय, तुमाला लेकरं किती, तर त्या न रागावता सांगायच्या, "लग्नच केलं नाही. भावाच्या पोरी वाढवल्या, त्यावर भागलं." मग विचारणारी बाईच खाली बघायची.

गावोगावच्या कुत्र्यांची नसबंदी हे त्यांचं लाडकं काम. गाई-म्हशींचं काम नोकरी म्हणून करायच्या, हे मात्र हौस म्हणून. पंचायतीच्या मागे लागून त्या शिबिरं लावायच्या, शाळेच्या ओट्यावर टेबल मांडून शस्त्रक्रिया करायच्या आणि शुद्धीवर येणाऱ्या प्रत्येक कुत्रीला "झालं हं बाई, आता सुटलीस," असं म्हणायच्या. ज्या कुत्र्याचं काम झालं त्याच्या कानाला छोटी खाच. तशा खाचांची कुत्री रस्त्यात दिसली की बाई गाडीची काच खाली करून "काय, बरं आहे ना?" असं विचारायच्या. मी शेजारी बसलेला असलो तर मला लाज वाटायची.

तुडीलच्या शिबिरात मी औषधं पोचवायला गेलो होतो, तिथली गंमत सांगतो. सावित्रीच्या काठचा एक दत्ताराम म्हणून गडी डोक्यावर कोंबड्या झाकायचं डालं घेऊन आला. डाल्याचं तोंड फळीने आणि सुंभाने घट्ट बांधलेलं. रांगेतले लोक नाकाला फडकी लावून बाजूला झाले.

"बाय, ह्येचं पन करून टाका," तो म्हणाला. "लई कोंबड्या खाल्ल्यान हिनं."

बाईंनी वाकून डाल्याच्या फटीतून बघितलं. आत कोल्हीण होती. कान पाडून, अंग चोरून बसलेली. दत्तारामने जाळी लावून पहाटे धरली होती. लोकांना केवढा उत्साह चढला. कुत्र्यांची होते तर कोल्ह्यांची का नको, असं सरपंचही म्हणायला लागले.

"हिला दूध आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे पिल्लं आहेत. तुम्ही पहाटे धरलीत, आता उन्हं वर आली. ती बिळात तशीच उपाशी बसलेली असणार." मग दत्तारामला म्हणाल्या, "उचला डालं. जिथे धरलीत तिथे नेऊन सोडायची. मी येते मागून. अर्ध्या वाटेत सोडाल तर तुमच्या घरी मुक्कामाला येईन."

भूल दिलेली कुत्री माझ्या आणि दवाखान्याच्या शिपायाच्या ताब्यात देऊन बाई खरंच गेल्या. परत आल्या त्या तासाभराने, साडीला काटेच काटे. कोल्हीण सोडून झाल्यावर त्यांनी दत्तारामचं खुराडं बघितलं, त्याच्या दाराला कडी नाही म्हणून त्याला झापलं आणि समोर उभं राहून ठोकून घेतली. मला म्हणाल्या, "कोल्ह्याची जोडी बहुतेक जन्माची असते, दुकानदार. कधी कधी आदल्या वर्षीची थोरली पोरं घरीच राहून धाकट्यांना सांभाळतात. त्यांच्यात ताळतंत्र आहे. कडी आपल्याकडे नव्हती." पुढे एकदा दत्ताराम दुकानात आला तेव्हा मी मुद्दाम कोल्हिणीचं विचारलं. "येते," तो म्हणाला, "दाराशी वास घेते नि जाते. वळख झालीय आता."

पण बाईंची खरी परीक्षा झाली ती डोंगरावरच्या कुडपण गावात. आणि त्याची सुरुवात माझ्याच काउंटरवर झाली.

शिमगा तोंडावर आला होता. कुडपणचे सखाराम नाना दुकानात आले. पूर्वी मुंबईत एका हॉटेलात भटारी होते. आता वर पठारावर नाचणी, वरी आणि चार जनावरं. बोलायला गोड माणूस, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. त्यांनी हळूच विचारलं, "मटणात घालून ठेवता येईल असं काय हाय का तुमच्याकडं?"

पठाराखालच्या घळीत कोळसुंद्यांनी बीळ धरलं होतं. कोळसुंदा म्हणजे आमच्याकडचा रानकुत्रा : तांबूस अंग, काळी झुबकेदार शेपूट, भुंकण्याऐवजी शीळ घालणारा आणि कळपाने शिकार करणारा. नानांची पाडी त्यांनी मारली होती. लाडकी पाडी, घरच्या गाईची. लाकडं आणायला गेलेल्या बायकांना मग बिळाच्या तोंडाशी पिल्लं दिसली आणि गावात एकच चर्चा सुरू झाली.

"विष मी विकत नाही, नाना," मी म्हणालो.

"राहू दे मंग. शिमग्याला पोरं मुंबैवरनं येतील, धूर घालू. आमचा आजा तेच करायचा."

ते गेल्यावर मी बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पौर्णिमेला सकाळी गाडी काढा."

मला वाटलं होतं त्या वनखात्याला कळवतील. कायदा त्यांच्या बाजूने होता. वाटेत मी तसं म्हणालोही. "कळवीन की," त्या म्हणाल्या. "चार दिवस पहारा बसेल. पाचव्या दिवशी पहारा उठला की गाव धूर घालेल, आणि पुढच्या खेपेला बीळ दिसलं तर कुणाच्या कानाला खबर लागू देणार नाही. गावालाच ती जगायला हवी असली तर जगतील." त्या मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या. पुढच्या खेपेला धावून यायला त्या नसणार, हे त्या बोलल्या नाहीत, पण मला ते सगळी वाट ऐकू येत होतं.

कुडपणला पोचलो तर देवळापुढे अर्धा गाव जमलेला. मुंबईहून आलेली पोरं टायर गोळा करून तयारीत होती. "डॉक्टर, टेन्शन नका घेऊ," त्यातला एक म्हणाला, "आज फुल अँड फायनल करून टाकतो." पण म्हातारी माणसं अडून बसली होती. गावदेवीचा कौल घेतल्याशिवाय गावात विहीर खोदत नाहीत, तर बिळात धूर कसा घालायचा? गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावणार, उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार.

शिकलेली बाई, आता ही हसणार किंवा वाद घालणार, या अपेक्षेने सगळे त्यांच्याकडे बघत होते. बाईंनी बूट काढले, आत जाऊन देवीला हात जोडले आणि म्हणाल्या, "लावा कौल."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या लावल्या. सगळे वाट बघत बसले. पाकळ्या काही हलेनात.

रिकामा वेळ मिळाला की माणसं बोलायला लागतात. नानाच म्हणाले, "बाय, मला बी काय हौस नाय मुक्या जिवाला मारायची. तुमी गावच्या कुत्र्यांची नसबंदी करता ना? मंग ह्यांची पन करा. धूर नाय घालत आमी. तुमाला देवीसमोर सांगतो."

"करते," बाई म्हणाल्या. लोक चमकले. "पण कुणाची करू ते सांगा."

"समद्यांची."

"समद्यांना पिल्लं होतच नाहीत, नाना."

देवळात कुजबुज झाली. बाई खांबाला टेकून बसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. गावची कुत्री वर्षातून दोनदा विते, कोळसुंदी एकदाच. तेही कळपातल्या सगळ्या माद्या नाहीत, बहुतेक करून थोरली एकटीच. बाकीच्या धडधाकट असूनही थांबतात. थोरलीचा वचकच तसा असतो. "तुमच्या भावकीत कसं असतं? थोरली खमकी असेल तोवर घरात एक चूल. ती गेली की वर्षाच्या आत चार चुली. तसंच हे. आत्ता त्या घळीत एकच पाळणा आहे. थोरलीला माराल, तर कळप फुटेल, आणि फुटलेल्या कळपात प्रत्येक जण आपापला पाळणा बांधेल. मग पुढच्या वर्षी किती घळींत धूर घालत फिरणार?"

"पन औषध असंल की," तो मुंबईचा पोरगा म्हणाला. "बाहेरच्या कंट्रीत देतात, मी व्हिडिओ बघितलाय."

"आहे ना. बाणातून सुई मारतात, पाळणा लांबतो. पण ते कुंपणातल्या रानात, जिथे जनावर जास्त होऊन मावेनासं होतं तिथे. इथे या डोंगरात एवढी एकच टोळी आहे, बाळा. हिचा पाळणा थांबवला तर मागे कोण राहिलं?"

"माझी पाडी त्यांनीच मारली ना, बाय?" नाना मध्येच म्हणाले.

"त्यांनीच मारली," बाई म्हणाल्या. "मी देवीसमोर खोटं बोलणार नाही. पण खालच्या वाडीतल्या फाडलेल्या शेळ्या मी बघितल्यात. ते दात गावच्या मोकाट कुत्र्यांचे होते. आणि तुमच्या नाचणीत शिरणाऱ्या डुकरांची पिल्लं कोण कमी करतं, ते तुम्ही मला सांगा."

नानांनी देवीकडे बघितलं. तिच्या खांद्यावरच्या पाकळ्या अजून तिथेच. बाया भिंतीशी बसल्या होत्या, त्यांत नानांची थोरली बहीण होती, ताराआत्या. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आलेली. नाना आणि त्यांची बायको मुंबईत राबत होती तेव्हा त्यांची तिन्ही पोरं हिनेच वाढवली. ती सहसा चारचौघांत बोलत नसे. तिने विचारलं, "मंग बाकीच्या माद्या काय करतात गो?"

"पिल्लं सांभाळतात," बाई म्हणाल्या. "आई शिकारीला गेली की एखादी बिळापाशी राखणीला थांबते. कळप शिकार करून आला की नर काय, माद्या काय, सगळे पोटातलं मटण पिल्लांपुढे ओकून काढतात. आपलं-परकं बघत नाहीत."

"म्हंजे माझ्यासारकी," ताराआत्या म्हणाली.

"आणि माझ्यासारखी," बाई म्हणाल्या.

नाना बहिणीकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. मुंबईच्या पोरांतले दोघे ताराआत्याच्या मांडीवर वाढलेले होते. त्यांनी बाहेर जाऊन टायरांवर बसकण मारली आणि बराच वेळ मोबाइल बघितला.

उन्हं कलली तरी पाकळ्या पडल्या नाहीत. शेवटी गुरव उठला. "देवी बोलत नाय," म्हणाला. "अवसेला परत इचारू." देवी बोलल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, हा नियम. टायर तिथेच राहिले. पालखी आटोपून मुंबईची पोरं रजा संपली म्हणून गेली.

उतरताना मी विचारलं, "बाई, उजवी पाकळी पडली असती तर?"

"तर जाऊन बिळाच्या तोंडाशी बसले असते," त्या म्हणाल्या. "आणि उद्या तुमच्या दुकानात माझ्या नावाने बोटं मोडत गिऱ्हाइकं आली असती. पण नाही ना पडली. मी देवीला मान दिला, तिने मला पंधरवडा दिला. पिल्लं आता बाहेर यायला लागलीत. पायांत जोर आला की आई त्यांना हलवते. पंधरा दिवस फार झाले." आणि त्या चक्क गुणगुणायला लागल्या. इतक्या वर्षांत त्यांना गाता येतं हे मला माहीत नव्हतं, आणि ऐकल्यावर कळलं की येत नाही.

तो पंधरवडा त्यांनी वाया घालवला नाही. कुडपणच्या शाळेच्या ओट्यावर गावच्या कुत्र्यांचं शिबिर लावलं. नसबंदी तर केलीच, शिवाय लस टोचली, कारण गावच्या कुत्र्यांचा रोग रानात गेला तर अख्खी टोळी साफ होते. कुत्री धरायला माणूस मिळेना, तर सखाराम नाना पुढे आले. पहिल्याच दिवशी एका कुत्र्याने त्यांच्या हाताला चावा घेतला. बाईंनी जखम साबणाने धुता धुता त्यांनाच बोल लावला, "तुम्ही त्याला धरताय की त्याच्याशी कुस्ती खेळताय?" नाना हसले. पाडी गेल्यापासून मी त्यांना प्रथमच हसताना बघत होतो. सांजेला जनावरं सोबतीने आणायची आणि मोकळी वासरं गोठ्यात घ्यायची, हेही नानांनीच चार घरांत फिरून ठरवलं. बाईंच्या निवृत्तीला सरकारी कचेरीत नारळ आणि शाल मिळाली, पण त्यांना खरा निरोप कुडपणने दिला असं मी मानतो. आता त्या गुहागरला पुतणीकडे असतात. अधूनमधून फोन येतो आणि "दुकानदार, कॅल्शियम आहे?" असं विचारून हसतात.

पण मला बाई आठवतात त्या अमावास्येच्या. कौल परत लावायचा म्हणून आम्ही वर गेलो होतो. गुरव पाकळ्या भिजवत होता. तेवढ्यात नाना घळीकडून आले, धापा टाकत. "इचारायचं काय आता?" ते म्हणाले. "बिऱ्हाड हाललं. दोन दिस झाले, शीळ नाय ऐकली. आज जाऊन बगितलं, पावलं पार वरच्या रानाकडं गेल्यात. लहान, मोठी, समदी."

गुरवाने पाकळ्या तशाच देवीच्या पायांवर वाहिल्या. बाई मात्र थांबायला तयार नाहीत, त्यांना बीळ बघायचं होतं. नाना पुढे, बाई मागे, त्यांच्यामागे धडपडत मी.

घळीत करवंदीच्या जाळीखाली बिळाचं तोंड होतं. पुढची माती पिल्लांच्या पायांनी तुडवून गुळगुळीत झालेली, भोवती हाडं पडलेली. बाईंनी वास घेतला, कान लावला, आणि शर्टाच्या बाह्या सरसावून सरळ पालथ्या पडल्या. निवृत्तीला आलेली ती बाई, सगळी जाळीत, फक्त कॅनव्हासचे बूट बाहेर. आतून त्यांनी एकेक काढून दाखवलं. भेकराचं शिंग. सांबराच्या कातड्याचा तुकडा. आणि एका लहान मुलाची निळी प्लॅस्टिकची चप्पल, दुधाच्या दातांनी कडेकडेने कुरतडलेली. ओढ्यावर कुणा पोराच्या पायातून सुटलेली असणार. पिल्लांनी तिच्याशी खेळून खेळून तिचा पार चोथा केला होता.

बाई मातीत बसून ती चप्पल उलटसुलट करून बघत होत्या. माझी खात्री होती की आठवण म्हणून ही चप्पल आता पिशवीत जाणार.

"बाय," नाना म्हणाले, "ती ठेवा परत आत."

बाईंनी वर बघितलं.

"पुढल्या साली पोरं व्हतील ना. त्यांना खेळाया लागंल."

बाईंनी मान हलवली. मग त्या पुन्हा पालथ्या झाल्या, आणि हात खांद्यापर्यंत आत घालून त्यांनी ती चप्पल जितकी खोल ठेवता येईल तितकी खोल ठेवली.